धुतलेले दगड

"गेल्या साली बी असंच लख्ख धुतलं व्हतं की म्या," प्रयोगशाळेची झाडलोट करणारी सरूबाई म्हणाली आणि काथ्यानं दगड घासत राहिली. तिनं ते कौतुकाच्या अपेक्षेनं म्हटलं नव्हतं, तक्रारीनंही नाही. तनुजाताईंनी दारातून जरा वरच्या पट्टीत "मावशी, हे काय करताय" असं विचारलं, त्याला आपलं साधं उत्तर दिलं होतं. बेसिनचा नळ धो धो चालू होता. शेजारी स्टीलच्या ताटात, खाली फडकं अंथरून, धुतलेले दगड ओळीनं मांडले होते. बोटभर उंचीचे, नळीसारखे गोल कापलेले, राखाडी, ओले. खंडेनवमी होती. भोसरीपासून चाकणपर्यंत आज एकेक लेथ, एकेक प्रेस, वजनकाटे, क्रेन, सगळे न्हाऊन हार घालून बसणार होते. तिथं विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली यंत्रं बिनअंघोळीची कशी राहतील. पंप पुसून झाला होता, दाबाचे मीटर चकचकत होते. यंत्रं आटोपली म्हणून सरूबाईनं कपाटातले दगड घेतले होते. तनुजाच्या हातातली झेंडूची पिशवी खाली आली; ती तिनं ठेवली की सुटली, तिचं तिलाच कळलं नाही. गेल्या साली बी. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि सपाट फरशी लागावी, तसं तिला झालं.

ते दगड साधे नव्हते. एका म्हाताऱ्या तेलविहिरीच्या तळातून, फार खोलवरून काढलेल्या खडकाचे ते तुकडे होते. अशा खडकाला खारं पाणी चालतं. युगानुयुगं तो खाऱ्या पाण्यातच मुरलेला असतो. नळाचं गोडं पाणी त्याला विष. रेतीच्या कणांमध्ये एक चिकणमाती असते, ती गोडं पाणी लागलं की उपासाच्या साबुदाण्यासारखी फुगते आणि तेलाच्या वाटा बुजवून टाकते. नंतर दगड वाळवा, ओव्हनमध्ये ठेवा. वरून काही म्हणता काही दिसत नाही. ह्या बुजलेल्या वाटा मोकळ्या करणारं द्रावण हेच तर तनुजाचं संशोधन होतं. विहिरीत उतरवायचं, दाबानं खडकात शिरवायचं आणि आटत चाललेली विहीर पुन्हा वाहती करायची. गेल्या दिवाळीनंतर तिनं ह्याच कपाटातले दगड एकेक करून पोलादी नळकांड्यात बसवले होते. दगड आधी मूठ आवळल्यासारखे बंद, आणि तिचं द्रावण जाताच तिपटीनं वाहते. कुणालाच शंका आली नाही. विहीर आटलेली, म्हणजे खडक बुजलेला असणारच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. आणि दगडही तसेच निघाले. तिचे मार्गदर्शक जयदीप सरांनी तो निष्कर्ष तीन परिषदांमध्ये मांडला. तेल कंपनीनं चाचणीला ती विहीर देऊ केली. चाकणच्या एका कारखान्यात टँकरभर द्रावण तयार झालं आणि उद्या, दसऱ्याच्या मुहूर्तावर, टँकर निघायचा होता. आता ती दारात उभी राहून बघत होती की दगडांना तो आजार विहिरीनं दिलाच नव्हता. तो दिला होता इथं, ह्या बेसिनमध्ये, काथ्यानं आणि मायेनं. आणि त्या दुखण्यावर औषध शोधून ते औषध उद्या एका निरोगी खडकाला पाजायला निघालो होतो आपण.

"राहू द्या मावशी, बास झालं," ती म्हणाली. आवाज नीट निघाला, ह्याचंच तिला नवल वाटलं. "झालंच की ताई, ह्यो शेवटचा," सरूबाई म्हणाली, आणि शेवटचा दगडही धुतला गेला.

ती विहीर तनुजानं डोळ्यांनी पाहिली होती. सरांबरोबर शेजारच्या राज्यात गेली होती, उन्हाळ्यात. सपाट रान, लांबवर एरंडाची शेती, आणि मध्येच तो लोखंडी पंप, मान खाली-वर करत. तिला तेव्हा कीर्तनातले म्हातारे आठवले होते. पहिल्या ओळीत बसतात, अर्धे झोपलेले असतात, पण मान तालावर डोलायची थांबत नाही. ती एकटीच हसली तेव्हा सरांनी विचारलं होतं, काय झालं. आणि सरांना हे कसं सांगावं ते न कळून ती म्हणाली होती, काही नाही सर, ऊन. तिला त्या पंपाबद्दल माया वाटली होती, अगदी घरच्या माणसासारखी. दिवसाला दोन-चार पिंपं तेल देणारी विहीर. शेजारच्या वस्तीतले तिघं तिथं राखणदार, पाणके म्हणून कामाला; त्यातला एक म्हणाला होता, "बेन, चलाओ इसको, नहीं तो ये लोग बंद कर देंगे." चालवू, असं ती म्हणाली होती. माणूस किती सहज म्हणतो.

आणि गेल्या वर्षी आपण काय म्हणालो होतो? हेच आठवत नव्हतं. गेल्या खंडेनवमीला सकाळी ती इथंच होती, फोनवर होती, बहुतेक वडिलांशी, आप्पांशीच बोलत होती. सरूबाईनं काही विचारलं होतं का? ताई, ही दगडं बी घेऊ का धुवायला? आणि आपण फोनवर हात ठेवून, हो हो, घ्या, सगळंच घ्या, असं म्हणालो का? तिला ते दृश्य दिसत होतं. सरूबाईचा हिरवा पदर, तिचं प्रश्नार्थक तोंड, स्वतःचा हलणारा हात. पण दिसत होतं म्हणजे घडलंच होतं असं थोडंच असतं. मन असं चलाख की गरज पडली की साक्षीदार उभा करतं, दोन्ही बाजूंनी. हो म्हणालो असू तर दोष आपला, म्हणजे मावशी सुटली. नाही म्हणालो असू तर दोष मावशीचा, म्हणजे आपण सुटलो. आणि विचारलंच नसेल तर? तर मग ते असंच झालं, घरोघर होतं तसं. तळवड्याच्या घरी आई खंडेनवमीला पाटा-वरवंटा धुवायची, विळी धुवायची, आप्पांचा जुना नांगर आता शोभेपुरता अंगणात होता तो धुवायची. मग हळदीकुंकू, मग नैवेद्य. जमीन केव्हाच कारखान्यांच्या शेडांखाली गेलेली, भाडं येत होतं, पण आप्पा आजही प्रत्येक भाडेकरूच्या शेडमध्ये जाऊन लेथला हात जोडायचे आणि चांदभाईच्या वर्कशॉपमध्ये तर मानाचा नारळ त्यांच्याच हातून फुटायचा. ज्यावर पोट आहे ते धुवायचं, पुजायचं. ह्यात शिकवण्यासारखं काय होतं, आणि विचारण्यासारखं तरी काय. कपाटावर तिनं स्वतः इंग्रजीत मोठी पाटी लावली होती, हात लावू नये म्हणून. इंग्रजीत.

जयदीप सर आले ते सिल्कच्या कुडत्यात, हसत. वय पन्नाशीचं, पण आज अंगात एखाद्या नवरदेवाची लगबग. पंपाला हार घातला, मीटरला झेंडू खोचले, सरूबाईनं ताट पुढं केलं. दगडांना हळदीची बोटं ओढलेली बघून ते म्हणाले, "मावशी, ह्यांना पण? अहो, ह्यांच्यामुळं आपली तनुजा डॉक्टर होतेय, चांगलं ठसठशीत लावा." सरूबाई लाजली. आरती झाली. तनुजानं टाळ्या वाजवल्या, तिच्या टाळ्या एक मात्रा मागं पडत होत्या. "उद्या सीमोल्लंघन," सर कापूर निवताना तिच्याकडं झुकून म्हणाले. "मी चाकणला टँकरची पूजा उरकून येतो. तिथला सुपरवायझर नदीम सकाळपासून गाडी सजवतोय, म्हणतो, सर, नवरीसारखी दिसली पाहिजे. तुझा चेहरा का असा? उपास?" "हो सर." उपास होताही. खोटं नव्हतं ते, पण उत्तर खोटं होतं. आत्ता सांगावं, असं जिभेच्या टोकावर आलं; ताट धरून उभ्या असलेल्या सरूबाईकडं नजर गेली आणि शब्द परत फिरले. श्रावणात काचेचं एक भांडं फुटलं म्हणून सफाईच्या ठेकेदारानं एका माणसाला दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ दिलं नव्हतं. इथं तर आख्खा प्रकल्प फुटला होता.

मग सगळे गेले. प्रयोगशाळेत हार, उदबत्ती आणि टोल्युइन ह्या रसायनाचा गोडसर वास एकमेकांत मिसळून राहिला. पूजा झालेल्या यंत्राला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही; यंत्राला सुट्टी. बाहेर चाकणच्या रस्त्यावर ट्रक चालले होते, त्यांच्याही टपांवर केळीचे खुंट बांधलेले. तनुजा खुर्चीवर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत बसली. लहानपणी आप्पांच्या मांडीवर बसून सप्ताहातली कीर्तनं ऐकताना एक क्षण तिला सहन व्हायचा नाही. बुवांनी चरण संपवलेला असायचा, गजर सुरू व्हायचा असायचा, आणि टाळकऱ्यांचे दोन्ही हात वर उचललेले, टाळ एकमेकांपासून वीतभर लांब, अजून वाजलेले नाहीत. त्या क्षणात तिला कापरं भरायचं. वाजवा ना, वाजवा ना, असं ती आप्पांच्या दंडाला चिमटे काढत म्हणायची. आप्पा हसायचे, "दम धर की गं, भरू दे." काय भरू द्यायचं असतं ते तेव्हा कळत नव्हतं, आताही कळत नव्हतं. फक्त कापरं तेच होतं.

फोन वाजला. आप्पाच. मागं कुठल्या तरी शेडमध्ये डेकवर भक्तिगीतं लागलेली. "तनू, आगं म्या काय म्हणतो, उद्या तुजी ती गाडी निघायची ना चाकणातून, तर नारळ फोडायला येऊ का? मंडळातली चौघं म्हणत्यात, आमाला बी दाखव." "आप्पा, तो काही मंत्र्याचा ताफा नाही. टँकर आहे." "आसंना का. जिमिनीच्या पोटात माझ्या लेकीचं औषध चाललंय. आन् बुवांना शबूद देऊन ठिवलाय म्या, पोरगी डॉक्टर झाली की आपल्या दारात कीर्तन. बुवा म्हणले, कार्तिकात बसवू." "बघू आप्पा." "बघू काय, बघू? हाय का न्हाई गाडी?" "संध्याकाळी सांगते," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून हे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आता संध्याकाळ ही एक हद्द झाली.

काहीच न बोलण्याचा रस्ता फार रुंद होता, हे तिला दिसत होतं. द्रावण कदाचित काही बिघडवणारही नाही. विहीर म्हातारीच आहे. चाचण्या फसतात, कुणी विचारत नाही. निसर्गावर ढकलता येतं. तोवर प्रबंध गेलेला असेल, नावामागं डॉक्टर लागलेलं असेल, दारात कीर्तन झालेलं असेल आणि मावशी पुढच्या खंडेनवमीला पुन्हा दगड धूत असतील. ह्या शेवटच्या वाक्याशी ती अडखळली. आणि मग तिला आठवला खालच्या शीतकपाटातला तुकडा, विहिरीतून निघाला तसाच मेणात बंद करून ठेवलेला. राखीव म्हणून. त्याला ना नळाचं पाणी माहीत, ना हळद. त्याच्यातून आधी खारं पाणी सोडलं, मग आपलं द्रावण, मग पुन्हा खारं पाणी, तर कळेल. दुपारची वेळ होती, संध्याकाळपर्यंत कळेल. फक्त यंत्र चालवावं लागेल. ती पंपापुढं उभी राहिली. हात हाराकडं गेला आणि थबकला. शिकलेल्या बाईनं असं थबकावं ह्याची लाज वाटली आणि लाज वाटली ह्याचंही वाईट वाटलं, कारण ती भीती खोटी नव्हती. आईच्या हातांतून आलेली होती. तिनं हार हळूच काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला, यंत्राला नमस्कार केला आणि स्विच दाबला.

मेण सोलताना आत जुना, जडसर, खनिज तेलाचा वास आला. दगड रबराच्या नळीत बसवला, नळी पोलादात. पंप टक-टक करू लागला. डबा विसरला म्हणून सरूबाई परत आली ती दारात खिळल्यासारखी झाली. "आवो ताई, पूजा झाल्यावर?" "करावं लागतंय मावशी." "आसं काय आडलंय? उद्या निगुतीनं करा की." "उद्या गाडी जाईल." सरूबाई आत आली. बराच वेळ तिनं खुर्चीवरच्या हाराकडं बघितलं, मग बेसिनकडं, मग तनुजाच्या तोंडाकडं. बाई अडाणी नव्हती. सकाळच्या त्या "राहू द्या"मधला आवाज तिनं दिवसभर मनात घोळवला असावा. "म्या धुतल्यानं काय झालं का?" तनुजानं मीटरकडं बघत राहून सांगितलं, साबुदाण्याचं सांगितलं, वाटा बुजतात ते सांगितलं. मान वर केली तर सरूबाईनं पदर तोंडाला लावलेला. "मला वाटलं लई धूळ बसलीया. तुमी एवढं जपता त्यास्नी." "मावशी, गेल्या वर्षी तुम्ही मला विचारलं होतं का हो? दगड धुऊ का म्हणून?" हा प्रश्न विचारायला तिला सगळी दुपार लागली होती. सरूबाईनं आठवून बघितलं, खरंच आठवून बघितलं. "इच्चारलं बी आसंल," ती म्हणाली, "न्हाई बी. ध्येनात न्हाई बया." तनुजाला हसू फुटलं, आणि ते हसू की दुसरं काही हे ठरायच्या आत सरूबाईनं स्टूल ओढलं आणि ती शेजारी बसली. "चालू यंतर पूजेच्या दिवशी एकटं सोडू न्हाई," ती म्हणाली, आणि विझलेली समई पुन्हा लावली.

दगड उघडा होता. पहिल्या खाऱ्या पाण्यातच कळलं. मूठ-बीठ काही आवळलेली नव्हती. पाणी निवांत, सरळ येत होतं, मापाच्या नळीत थेंबामागं थेंब. मग तिचं द्रावण. मग पुन्हा पाणी, आणि आता थेंब उशिरा येऊ लागले. द्रावणानं निरोगी दगडाच्या आतले कण सुटे करून पुढं वाटेत अडकवले होते. फार नाही. पण ज्या विहिरीत आधीच दोन-चार पिंपांचा जीव आहे तिला तेवढं पुरे. तनुजा एकेका थेंबाची वाट बघत बसली होती आणि तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं, पकडल्यासारखंही नाही. दाढ उपटल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा त्या खड्ड्यात जाते तशी ती पुन्हा पुन्हा आकड्याकडं जात होती. चार वर्षं. तिनं स्वतःला बजावून पाहिलं की चार वर्षं गेली. काही उमटलं नाही. ते नंतर उमटेल, रात्री किंवा कधीतरी बसमध्ये, हे तिला ठाऊक होतं.

सर पेढे घेऊन आले. चालू पंपाचा आवाज त्यांना जिन्यातच आला असावा, कारण दारात आले ते कपाळाला आठी घालूनच. "पूजेनंतर यंत्र? तनुजा, तू? तुझ्या घरचे तर टाळकरी." तिनं उठून आकडे दाखवले. सगळं सांगितलं, सरळ, फिरवून नाही. सर ऐकताना पेढ्यांचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. शेवटी म्हणाले, "कुणी धुतले?" "आम्ही," तनुजा म्हणाली. "आमी न्हाई वो, म्या," सरूबाई मध्येच म्हणाली, "ताई न्हवत्या तितं." "मी होते. इथंच होते," तनुजा म्हणाली. "पाटी मी लावली, ती मावशींना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. आणि दगड इतके बंद का, हे मी विचारलं नाही." सरांनी हळदीच्या दगडांचं ताट जवळ ओढलं, त्यातला एक उचलला, अंगठ्यानं हळद पुसायचा प्रयत्न केला, ती पुसली गेली नाही. "मीही विचारलं नाही," ते म्हणाले. हे म्हणताना त्यांचा आवाज इतका सपाट झाला की तनुजाला त्यांची काळजी वाटली. तीन परिषदा. परदेशातून आलेलं बोलावणं. सिल्कचा कुडता.

"विहिरीचा खडक बरा आहे," ती म्हणाली, "म्हणजे बहुतेक आतला दाबच संपलाय, सर. विहीर काही दिवस बंद ठेवून दाब किती चढतो ते बघायला सांगू त्यांना. चढला तर पुढचं. नाही चढला तर तिला त्रास देऊ नये." सरांनी मान हलवली. मग त्यांनी फोन लावला, स्पीकर न लावता, पण नदीमचा उत्साही आवाज बाहेरही येत होता. "नदीमभाई, टँकर उद्या सोडू नका... नाही, परवा पण नाही... अहो, फुटला नारळ तर फुटला... नाही, तुमच्या मालात काही नाही. चूक आमच्या प्रयोगशाळेत झाली. ठेकेदाराला काही कळवायचं नाही, जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहायचं." शेवटचं वाक्य नदीमसाठी नव्हतं. सरूबाईला ते कळलं. ती समईची वात सारखी करायला वळली आणि वळलेलीच राहिली.

तनुजा गच्चीत आली. चाकणच्या दिशेला शेडांच्या पत्र्यांवर ऊन कलतं होतं आणि कुठून कुठून आरत्यांचे आवाज येत होते, एकमेकांशी न जुळणारे. कापरं गेलं नव्हतं. तिनं आप्पांना फोन लावला. "आप्पा, उद्या गाडी जाणार नाही." "का गं?" "चूक झालीये. मोठी. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. डॉक्टर वगैरे दोन-तीन वर्षं तरी नाही." पलीकडं कुणीतरी डेक बंद केला. तिला आप्पांच्या मंडळातले चौघं दिसत होते, त्यांच्या तोंडाकडं बघत उभे. "कुणाचं नुस्कान तर न्हाई ना झालं?" "नाही. व्हायच्या आधी कळलं." "तुज्याच ध्येनात आलं?" "हो." "मग कार्तिकातलं कीर्तन मोडायचं न्हाई," ते म्हणाले. "बुवांना सांगतो, गाडी थांबली, त्याचं करा."